तुटलेला मॅनिफोल्ड बोल्ट: ड्रिल आणि ईझी-आऊट की वेल्ड केलेला नट?

एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा (सिलिंडरांतला धूर गोळा करून बाहेर नेणारा, इंजिनच्या हेडला म्हणजे वरच्या भागाला बोल्टने जोडलेला भाग) बोल्ट तुटल्याची शंका आली, तर आधी ती पक्की करून घ्यावी. थंड इंजिन सुरू करताच टकटक ऐकू येते आणि इंजिन तापले की ती विरते, कारण तापलेले मॅनिफोल्ड प्रसरण पावून फट बुजवते. मात्र काही गाड्यांत टॅपेटचा (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या भागाचा) आवाजही असाच विरतो, त्यामुळे केवळ कानावर विसंबू नये. पॅकिंगच्या कडेला काजळीचे फराटे दिसले, तर शंकेला फारशी जागा उरत नाही. बहुधा टोकाच्या सिलिंडरजवळचा बोल्ट आधी जातो, कारण बिडाचे मॅनिफोल्ड आणि ॲल्युमिनियमचे हेड कमीअधिक प्रमाणात फुगतात व आकसतात आणि त्या फरकाचा ताण टोकालाच सर्वाधिक येतो.

खरा प्रश्न पुढचा आहे. हेडमध्ये अडकलेला तुकडा ड्रिल मारून ईझी-आऊटने (भोकात रुतून तुकडा उलटा फिरवणाऱ्या हत्याराने) काढावा, की त्यावर नट वेल्ड करून पान्याने फिरवावा?

ड्रिलच्या बाजूने बोलायचे तर साधने कोणत्याही गॅरेजमध्ये असतात, आगीचा धोका नसतो आणि तुकडा हेडच्या पृष्ठभागाच्या बराच आत तुटला असेल, तर बहुधा हाच मार्ग उरतो. माझ्या गाडीचा पहिला बोल्ट याच पद्धतीने निघाला. पण तो निघत असताना जे पाहिले, त्यामुळे माझे मत बदलले. रेडिएटर आणि हेड यांच्यामधल्या सापटीत ड्रिल मशीन सरळ धरताच येत नव्हते. तुटलेला भाग खडबडीत होता, त्यामुळे पंच मारूनही बिट कडक पोलादावरून घसरून शेजारच्या मऊ ॲल्युमिनियमकडे जात होते, आणि काळपट किसाऐवजी पांढरा चकचकीत कीस दिसू लागला. बोल्ट निघाला खरा, पण एका बाजूचे आटे गेले आणि तिथे हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवावे लागले. शिवाय ईझी-आऊट निमुळते असल्याने ते पोखरलेल्या बोल्टला आतून फुगवते आणि आट्यांत अधिकच घट्ट करते. ते स्वतःच आत तुटले, तर साध्या ड्रिलने कापले जात नाही. ही टांगती तलवार डोक्यावर असताना जोर लावणे मला फार अवघड वाटते.

काही काळाने शेजारचा बोल्ट तुटला, तेव्हा नट वेल्ड करून घेतला. बॅटरीचे कनेक्शन सोडले, जवळचे वायरिंग झाकले, तुकड्यावर आधी वायसर आणि मग नट ठेवून सीओटू वेल्डिंगने मधले भोक भरले. पोलादाचे वेल्ड ॲल्युमिनियमला धरत नाही, त्यामुळे हेडची भीती तुलनेने कमी असते, आणि धरून बसलेला गंज त्या उष्णतेनेच सुटतो. नटाची लाली जाऊ दिली आणि मग पाना थोडा पुढे, थोडा मागे असा फिरवला. आट्यांतून तांबूस भुकटी गळू लागली आणि तुकडा सरळ बाहेर आला. कधी कधी पहिला नट उपटून येतो, मात्र तेव्हा दुसरा लावता येतो. वाकडे पडलेले भोक असे पुन्हा मारता येत नाही. अर्थात यासाठी हात बसलेला वेल्डर हवा, आणि तसा जवळपास नसेल तर हा आग्रह मी धरणार नाही. परंतु तुकडा पृष्ठभागाच्या वर किंवा त्याच्या पातळीवर दिसत असेल, तर ड्रिल हातात घेण्याआधी वेल्डरला एकदा दाखवावे, असे मला वाटते.

कोणत्याही पद्धतीने काढला, तरी टॅप (आटे पाडायचे हत्यार) हलक्या हाताने फिरवून आटे साफ करावेत, जुने बोल्ट सगळेच बदलावेत आणि मधून टोकांकडे जात टॉर्क पान्याने आवळावेत. मॅनिफोल्डच्या तोंडावर पोलादी पट्टी ठेवून ते वाकले आहे का, हेही पाहावे; वाकलेले तसेच बसवले, तर नवा बोल्टसुद्धा त्याच टोकाला तुटण्याची शक्यता राहते.