रॉ फोटो चाळताना: आतली जेपेग की खरी रॉ?

रॉ फाइलीत, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या नोंदीत, कॅमेऱ्याने बनवलेली तयार जेपेगही दडलेली असते. बहुतेक व्ह्यूअर तीच दाखवतात, म्हणून जुन्या संगणकावरही शेकडो फोटो झरझर सरकतात. हललेले, डोळे मिटलेले फोटो काढून टाकायला हे पुरेसं.

फोकस तपासताना मात्र फसगत होते. सोनीच्या अनेक एआरडब्ल्यू (सोनीच्या रॉ) फाइलींत ही जेपेग फक्त १६१६×१०८० पिक्सेलची असते. १०० टक्के झूम केलं की चांगला फोटोही मऊ वाटतो. शिवाय तिचा हिस्टोग्राम (उजेड-अंधाराचा आलेख) कॅमेऱ्याच्या पिक्चर स्टाइलचा, म्हणजे रंग-कॉन्ट्रास्टच्या सेटिंगचा. ढग जळालेले (तपशील नसलेले पांढरेफट्ट) दिसतात, पण रॉमध्ये तपशील शाबूत असू शकतो.

रॉथेरपी हे रॉ फोटोंचं सॉफ्टवेअर मोफत आहे, खरी रॉ उलगडतं, रॉ हिस्टोग्रामही देतं. प्रत्येक फोटोला थांबावं लागतं, ते सोसा. एक्स्पोजरवरून फोटो डिलीट करण्याआधी इथेच बघा.