स्लीव्ह सर्जरीनंतरचं शाकाहारी लिक्विड डाएट : नऊ महिन्यांनंतर काय टिकलं, काय टाकलं

परवा प्रोटीन पावडरचा डबा एकदाचा संपला आणि नवा मागवायचा नाही असं ठरवलं. तो डबा मी किती रागाने वापरला हे घरच्यांना माहीत आहे.

स्लीव्ह सर्जरीच्या, म्हणजे वजन कमी करण्यासाठी जठराचा मोठा भाग कापून काढण्याच्या ऑपरेशनच्या आधी सवलत दिसली म्हणून दोन किलोचा चॉकलेट व्हे (दूध फाटल्यावर उरणाऱ्या पाण्यातल्या प्रोटीनची पावडर) घेऊन ठेवला. पाच हजारांच्या वर गेले. तेव्हा चव घेतली होती, आवडली होती. ऑपरेशननंतर पाचव्या दिवशी पहिला घोट घेतला आणि त्या गोडाने पोटात ढवळून आलं. सर्जरीनंतर जीभ बदलते, आधी आवडलेलं नकोसं होतं, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. कस्टमर केअरला तीनदा फोन केला. उघडलेला डबा परत घेत नाहीत, एवढंच उत्तर. म्हणून पहिली कळकळीची विनंती : आधी मोठा डबा घेऊ नका. एकेका वेळचे सॅशे मिळतात, त्यातले दोन-तीन स्वाद घ्या आणि त्यातला एक तरी बिनगोडाचा, बिनस्वादाचा असू द्या.

पण माझं खरं भांडण चवीशी नाही, फेसाशी आहे. शेकरमध्ये पावडर घालून हलवली की वर दोन बोटं फेस येतो. एरवी कुणी लक्षही देणार नाही. पण जठराची केळ्याएवढी नळी उरलेली असते, आतून सुजलेली असते, तेव्हा घोटाबरोबर गेलेली हवा छातीच्या मधोमध अडकते. पहिल्याच आठवड्यात मी रात्री अकरा वाजता उभ्याने ढेकर येण्याची वाट पाहत रडले आहे. स्ट्रॉ वापरू नका असं सांगतात तेही हवेमुळेच, मग शेकरबद्दल का नाही सांगत? शेवटी मीच पद्धत बसवली. वाटीत पावडर घ्यायची, दोन चमचे गार पाणी घालून चमच्याने पिठल्याच्या पिठासारखी गुठळी मोडायची, मग हळूहळू पाणी वाढवायचं, वीस मिनिटं झाकून ठेवायचं आणि चहाच्या गाळणीने गाळून घ्यायचं. कढत पाण्यात घालू नका, व्हे फाटतो आणि गोळे होतात. औषधाच्या 30 मिलीच्या कपाने, पंधरा मिनिटांत एक कप. या पद्धतीने मला पुन्हा दुखलं नाही.

आता वरणाच्या पाण्याबद्दल. हॉस्पिटलच्या छापील तक्त्यात मांसाहारींसाठी चिकन सूपपासून पुढे बरंच काही होतं आणि शाकाहारींसाठी दोन ओळी : डाळीचं पाणी, नारळपाणी. सासूबाई दिवसातून चार वेळा प्रेमाने मुगाचं पाणी गाळून द्यायच्या. मीही समजत होते की प्रोटीन चाललंय पोटात. डाएटिशियनने दिवसाला किमान 60 ग्रॅम सांगितलं होतं. हिशोब केला तेव्हा हात गार पडले. 100 ग्रॅम कोरड्या मुगडाळीत साधारण 24 ग्रॅम प्रोटीन, पण ते बहुतेक सगळं गाळणीवर राहिलेल्या चोथ्यात. आपण पितो ते बहुतांशी मीठ, हळद आणि पाणी. पनीर केल्यावर उरणाऱ्या पाण्याला लोक घरचा व्हे म्हणतात, त्यातही 100 मिलीला एक ग्रॅमभरच. पाणी पोटात जाणंही गरजेचंच, दिवसाला दीड लिटर गाठता गाठता जीव जातो, पण त्याला प्रोटीन समजू नका.

इथे माझं आधीचं मत मात्र बदलते. तिसऱ्या आठवड्यात जरा दाट चालतं असं डाएटिशियनने सांगितलं, तेव्हा तीच डाळ न गाळता मिक्सरमधून काढून, जिरं-हिंग घालून पातळ कढण केलं. ते उत्तम. पचलं आणि ऑपरेशननंतर प्रथमच काहीतरी खाल्ल्यासारखं वाटलं. मुगाला दोष नव्हता, गाळणीला होता.

आणि ज्याने मला खरं तारलं ते ताक. साधं पातळ ताक नव्हे, त्यात जवळजवळ काहीच नसतं. अर्धा लिटर साय काढलेलं दूध कोमट करून त्यात 50 ग्रॅम स्किम्ड मिल्क पावडर विरघळवायची आणि विरजण लावायचं. दुधाचे साधारण 16 आणि पावडरचे 17 मिळून त्या दह्यात 33 ग्रॅमच्या आसपास प्रोटीन येतं. त्यात तेवढंच पाणी घालून चमच्याने घोटायचं, सैंधव आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड. रवीने घुसळलंत तर पुन्हा फेस, मग अर्धा तास ठेवून द्या. दिवसभरात सहा-सात वेळा थोडं थोडं घेतलं की निम्मं उद्दिष्ट घरच्या दह्यातून, तेही डब्याच्या निम्म्याहून कमी खर्चात. खारट, आंबट, ओळखीचं. गॅस्ट्रिक बायपास (हृदयाचा नव्हे, जठराचा) झालेल्यांनी किंवा दुधाने पोट फुगणाऱ्यांनी आधी थोडंच घेऊन बघा, मिल्क पावडरमध्ये लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, भरपूर असतं. त्यांच्यासाठी व्हे आयसोलेट (लॅक्टोज जवळजवळ काढून टाकलेला व्हे) किंवा बिनसाखरेचं सोया दूध बरं. सत्तू मी दुसऱ्या महिन्यानंतर घेतला. आधी घेऊ नका, कण घशाखाली टोचतात.

सर्जरीनंतरच्या गोळ्या-कॅप्सूल शाकाहारींनी विचारूनच घ्याव्यात. कॅप्सूलचं कवच बहुधा जिलेटिनचं असतं आणि जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यांतून येतं. चघळायच्या जेलीसारख्या गोळ्यांतही बऱ्याचदा तेच. बाजारात कोलॅजनच्या नावाने विकतात ते प्रोटीनही शाकाहारी नाही आणि त्या एकट्यातून शरीराला लागणारे प्रोटीनचे सगळे घटकही मिळत नाहीत. मी केमिस्टकडे उभी राहून प्रत्येक पाकीट वाचलं. बी-12 इंजेक्शनने घेतलं. आपण दूध-दह्यावर असतो तेव्हा ते अनेकदा आधीच कमी असतं, आणि जठर कापल्यावर ते शोषायला लागणारा घटकही कमी होतो. कॅल्शियम सायट्रेट घ्या, कार्बोनेट नको, आणि लोहाच्या गोळीपासून दोन तास लांब.

चौथ्या महिन्यात केस गळायला लागले, कंगव्यात झुपके. तेव्हा प्रोटीन कमी पडतंय की काय, असं घाबरून तोच चॉकलेटचा डबा मी पुन्हा काढला. थेट प्यायला जमेना, म्हणून शिजवून कोमट केलेल्या नाचणीच्या सत्त्वात अर्धा चमचा, मग एक चमचा असा ढवळला. नाचणीच्या चवीत ते गोड दबलं आणि डबा संपला. सहाव्या महिन्यानंतर गळणं थांबलं. डब्यामुळे की आपोआप, ते मी सांगू शकत नाही, बऱ्याच जणांचं या सुमाराला आपोआपच थांबतं.

आज सकाळी विरजण लावताना सासूबाईंनी विचारलं, अजून मिल्क पावडर घालायची का? मी म्हटलं, हो आई, दोन चमचे जास्तच घाला.