च्यवनप्राश: पाच महिने, चार बरण्या आणि एक तडकलेलं झाकण

दिवाळीत सुरू केला, गुढीपाडव्याला चौथी बरणी तळाला आली. किलोची बरणी आम्हा दोघांना, रोज सकाळी एकेक चमचा, पाच आठवडे पुरते. च्यवनप्राश म्हणजे काय ते सांगत नाही, लहानपणी सगळ्यांनीच चाटलाय.

मला बोलायचंय झाकणाबद्दल. आट्यांत पाक शिरतो, वाळून खडा होतो. मग एकाने बरणी आवळायची, दुसऱ्याने पिळायचं. जानेवारीत असंच पिळताना तिसरीचं झाकण तडकलं. कंपनीला फोन लावला. बाई गोड बोलल्या, बॅच नंबरचा फोटो मागितला. तो नंबर ओल्या फडक्याने चिकटा पुसता पुसता कधीच गेला होता. फोटो नाही, तर तक्रार नाही! पावणेचारशे रुपयांची बरणी आणि रात्रीत मुंग्यांची रांग.

त्या रागातच इथे लिहिणार होतो की आवळ्याच्या नावाखाली साखर विकतात. गल्लीतल्या वैद्यबुवांपुढे तसं बोललोही. त्यांनी चरकसंहिता उघडून चिकित्सास्थानातला, म्हणजे उपचारांच्या भागातला, पाठच दाखवला: मोजून 500 आवळे, तूप-तेलात परतून त्यात अर्धी तुळा, म्हणजे 50 पळं (ही जुनी वजनं), मत्स्यण्डिका. ती साखरच. मध फक्त सहा पळं, तोही गार झाल्यावर. म्हणजे साखरेचा आरोप मागे. (सासऱ्यांना मधुमेह आहे, त्यांना मात्र बरणी दाखवलीही नाही.)

गुण? दर हिवाळ्यात दोन-तीनदा नाक गळतं, यंदा एकदाच, तीन दिवस. मी खूश. वैद्यबुवा म्हणाले, "अहो, बळ तीन तऱ्हेचं. सहज म्हणजे जन्मजात, कालज म्हणजे ऋतू आणि वयाने येणारं, आणि युक्तिकृत म्हणजे आहार-औषधाने कमावलेलं. हेमंतात बळ काळच देतो, बरणीला कशाला सगळं श्रेय?" पण बुवा, हेमंत दरवर्षीच येतो, आणि सर्दीही! तेवढ्यात ही म्हणाली, यंदा तुम्ही सकाळी चालायलाही जाताय. झालं.

फेब्रुवारीच्या शेवटी ऊन तापलं तसा तोच चमचा जड वाटायला लागला, दुपारपर्यंत भूकच नाही. "अग्नी बघून घ्या," म्हणजे पचेल तेवढंच, असा बुवांचा सल्ला मिळाला. आता अर्धाच चमचा घेतो, म्हणजे बरणीही जास्त दिवस जाते.

पाचपैकी तीन तारे. एक उन्हाळ्याचा कापला, एक झाकणाचा. उरलेला माल आईच्या लोणच्याच्या चिनी मातीच्या बरणीत काढून वर दादरा बांधलाय. चमच्याला मेथीचा किंचित वास येतो, पण मुंगी एक नाही.