आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) फेल झाल्यावर देतात ते 'इम्युन पॅकेज' : अनुभव (पुणे), ५ पैकी २ स्टार

सेंटरचं नाव लिहीत नाही कारण हे पॅकेज आता बऱ्याच ठिकाणी देतात आणि मला बोलायचंय ते पॅकेजबद्दलच. चांगल्या ग्रेडचे ब्लास्टोसिस्ट (पाच-सहा दिवसांचे गर्भ) ट्रान्सफर करूनही बीटा एचसीजी (गर्भ राहिला का ते सांगणारी रक्ताची टेस्ट) निगेटिव्ह आलं की लगेच विषय निघतो, तुमची इम्युनिटी गर्भ टिकू देत नाहीये, एनके सेल (इम्युनिटीच्या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) चेक करून घेऊ. त्या अवस्थेत बाई कशालाही हो म्हणते हो, आणि नेमकं तेव्हाच हे पुढे करतात याचा मला मनापासून राग आहे.

मिळतं काय तर हाताच्या शिरेतून रक्त घेतात, एनके सेल "वाढलेल्या" निघतात, मग इंट्रालिपिडचं सलाईन आणि स्टेरॉइडच्या गोळ्या, सगळ्याचं बिल वेगळं. पण रक्तातल्या एनके सेल वेगळ्या आणि गर्भाशयाच्या अस्तरातल्या वेगळ्या. अस्तरातल्या तर गर्भाला मारत नाहीत, उलट वार (प्लासेंटा) तयार होताना तिथल्या रक्तवाहिन्या रुंद व्हायला मदत करतात. मग हातातल्या रक्तावरून आत काय चाललंय ते कळणार कसं? आणि इंट्रालिपिड म्हणजे सोयाबीनचं तेल नि अंड्यातलं फॅट, ज्या पेशंटला तोंडाने खाता येत नाही त्याला पोषण म्हणून शिरेतून देतात ते. ब्रिटनमध्ये एचएफईए ही आयव्हीएफवर देखरेख ठेवणारी संस्था अशा जादाच्या उपचारांना पुराव्यानुसार रंग देते, त्यात इंट्रालिपिड आणि स्टेरॉइडला हिरवा, म्हणजे उपयोग होतो असा चांगला पुरावा असलेला, मिळालेला नाही.

मला एलआयटी पण सुचवलं होतं, म्हणजे नवऱ्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी बायकोला टोचायच्या. अमेरिकेत एफडीएने (औषधांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) २००२ मध्येच हे परवानगी घेतलेल्या ट्रायलशिवाय द्यायचं नाही म्हणून सांगितलंय. आपल्याकडे काही ठिकाणी अजून चालू आहे. मी घेतलं नाही.

सेकंड ओपिनियनला ज्या मॅडमकडे गेले त्यांनी आधी गर्भपात झालेत का ते नीट विचारलं आणि एपीएसच्या (अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम, यात शरीरातल्याच अँटिबॉडीमुळे रक्ताच्या गाठी आणि गर्भपात होऊ शकतात) तीन टेस्ट लिहिल्या : ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन, बीटा-टू ग्लायकोप्रोटीन. पॉझिटिव्ह आल्या तर किमान १२ आठवड्यांनी परत करायच्या, तेव्हाच निदान पक्कं, आणि वारंवार गर्भपात होणाऱ्यांना त्यात रक्त पातळ ठेवणाऱ्या अ‍ॅस्पिरिन-हेपरिनचा उपयोग होतो. इम्युन म्हणायचं तर हे खरं इम्युन, आणि त्या महागड्या पॅकेजमध्ये नेमकं हेच नव्हतं! शिवाय एम्ब्रियो (गर्भ) दिसायला कितीही छान असला तरी आत क्रोमोसोमची गडबड असू शकते, वय वाढतं तसं ते जास्त होतं, हे पण त्यांनीच शांतपणे समजावलं. आधीच्या ठिकाणी कोणी एवढा वेळच दिला नाही.

दोन स्टार दिले ते तिथल्या सिस्टर लोकांसाठी, फार मायेने बोलतात, सलाईन लावताना शेजारी बसून राहतात. आणि ग्रेडिंगचा कागद, एम्ब्रियोचे फोटो, औषधांचे डोस असलेली पूर्ण फाईल मागितली तर लगेच कॉपी काढून दिली, ती मात्र तुम्ही कुठेही ट्रीटमेंट घेत असाल तरी मागून घ्याच, मॅडमनी सगळ्यात आधी तीच बघितली.