दोन लिटरचा फवारणी पंप: अख्खा पावसाळा वापरल्यानंतर

पंपातलं वॉशर ऐन जुलैत गेलं, म्हणून हे लिहितोय. कस्टमर केअरवाली म्हणाली, "सर, तुम्ही त्यात औषध भरलंत, वॉरंटी लागू होत नाही." फवारणीच्या पंपात औषध नाही तर काय ताक भरायचं?

परसातल्या कागदी लिंबावर खैऱ्या हा जिवाणूजन्य रोग आलाय. पानाच्या दोन्ही अंगांना खरखरीत तपकिरी फोड, भोवती पिवळं कडं. दुकानदार सूक्ष्म अन्नद्रव्यांची बाटली गळ्यात मारत होता. अहो, अन्नद्रव्य कमी पडलं तर पान पिवळं पडतं, त्याला खवले येत नाहीत! हा जिवाणू पावसाच्या शिंतोड्यांतून पसरतो आणि नागअळीने पोखरलेल्या कोवळ्या पानात आयता शिरतो. रोगट फांद्या पावसाआधीच छाटून जाळल्या आणि एक टक्का बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं मिश्रण, मारायला घेतलं. दोन लिटरला 20 ग्रॅम मोरचूद, 20 ग्रॅम चुना. दोन्ही प्लास्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत भिजवून मग एकत्र. लोखंडी खिळा बुडवायचा, त्यावर तांबूस थर चढला तर चुना वाढवायचा.

आता नोझल. हे नोझल बुजतं. चुना गाळला तरी बुजतं, जुन्या धोतरातून दुहेरी गाळला तरी अर्ध्या झाडावर पिचकारी होते. टाचणीने साफ करायचं, तोवर हातभर निळे डाग. शिवाय तोंड वर वळत नाही, म्हणजे पानाच्या खालच्या बाजूसाठी आपणच उकिडवं बसायचं. किंमत लावताना हे कुणाला सुचलं नाही?

इथवर एकच स्टार देणार होतो. पण वॉशर स्टोव्ह दुरुस्तीवाल्याने चहाच्या पैशात बसवून दिलं आणि तेव्हापासून दाब आधीपेक्षा बरा धरतो. बोर्डोऐवजी कॉपर ऑक्सिक्लोराईड घेतलं, 10 लिटरला 30 ग्रॅम या मापाने. ते तळाशी बसतं म्हणून पंप मधूनमधून हलवावा लागतो, पण नोझल फारसं अडत नाही. दोन स्टार वाढवले.

जुने फोड जात नाहीत, त्याची वाट बघू नका. नवी पालवी स्वच्छ आली की औषध लागलं समजायचं. आमची बरीचशी स्वच्छ आहे, कुंपणाकडची फांदी सोडून. तिथवर पंपाचा फवारा पोचत नाही. पितळी नोझलचा पंप पाहिलाय, पण दाम दुपटीहून जास्त. हा मोडेपर्यंत हाच.