‘बेसामे मूचो’: कोणाचं ऐकावं, कोणाचं समोर ठेवून शिकावं

‘बेसामे मूचो’ (स्पॅनिशमध्ये ‘माझं खूप चुंबन घे’) शोधायला गेलं की एकाच गाण्याचे इतके अवतार समोर येतात की सुरुवात कुठून करावी तेच कळत नाही. बोलेरो (लॅटिन अमेरिकेतलं संथ प्रेमगीत), बिग बँड, बोसा नोव्हा (ब्राझीलची हळुवार गिटारची शैली), रॉक अँड रोल, डिस्को, ऑपेराचा टेनर (उंच पट्टीचा पुरुषी आवाज), जॅझ गिटार. हे गाणं पहिल्यांदा नीट ऐकायचंय, किंवा स्वतः गायला शिकायचंय आणि कोणाचं समोर ठेवावं ते ठरत नाहीये, अशांसाठी हा आढावा. सगळी रेकॉर्डिंग्ज यात नाहीत. निवडताना खरोखर अडायला होतं, तेवढीच घेतली आहेत.

माझा निकष आधी सांगते. मूळ स्पॅनिश शब्दांत मागणी साधी आहे: आजची रात्र शेवटचीच असल्यासारखं माझं चुंबन घे. पण त्याच ओळीला जोडून कारणही येतं, की यानंतर तू मला दुरावशील याची भीती वाटते. मधल्या कडव्यात ही भीती आणखी उघडी पडते. उद्या कदाचित मी इथून फार दूर गेलेली असेन, असं ती बोलणारी व्यक्ती सांगून टाकते. म्हणजे वर आर्जव आणि खाली धास्ती. प्रत्येक गायकाला ठरवावं लागतं की ही धास्ती ठेवायची की बाजूला सारून नुसतं प्रेम गायचं. माझ्या कानाला सगळ्या आवृत्त्या इथेच दोन वाटांनी जातात आणि मी उघडपणे पहिल्या वाटेच्या बाजूची आहे.

गाणं मेक्सिकोचं. ते रचणाऱ्या कॉन्सुएलो वेलास्केस यांचा जन्म 1916 चा, हालिस्को राज्यातल्या सिउदाद गुस्मानचा. त्या रीतसर शिकलेल्या पियानोवादक होत्या, शास्त्रीय मैफिली करणाऱ्या. 1940 च्या सुमारास हे गाणं लोकांसमोर आलं तेव्हा त्या ऐन तरुण होत्या, आणि गाणं लिहिलं तोवर आपण कुणाचं चुंबन घेतलेलं नव्हतं, असं त्यांनीच पुढे मुलाखतींत सांगितलं. चालीमागे स्पॅनिश संगीतकार एन्रिके ग्रानादोस यांच्या ‘गोयेस्कास’ या पियानो-रचनांच्या मालिकेतल्या युवती आणि बुलबुलाच्या रचनेचा प्रभाव आहे. ती पियानोवर एकदा ऐकाच. ‘बेसामे’ची पहिली ओळ तिथे चेहरा झाकून बसलेली सापडते. चाल मायनर स्केलची आहे, किरवाणी कानात असलेल्याला ती परकी वाटणार नाही. शिकणाऱ्याला याचा मोठा आधार मिळतो, कारण सूर लवकर बसतात आणि सगळं लक्ष लयीकडे देता येतं. खरी परीक्षा लयीचीच आहे. चार मात्रांच्या संथ चालीवर शब्द तीन-तीनच्या गटांत पसरलेले आहेत, आणि ते जरा घाईने म्हटले की गाण्याचा जीवच जातो.

आधी बोलेरो घराणं. बोलेरो जन्माने क्युबाचा, पण वाढला आणि जगभर गेला मेक्सिकोतून. 2023 साली युनेस्कोने दोन्ही देशांच्या नावे त्याला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. इथे निवड मुख्यतः दोघांत होते: लुचो गातिका आणि त्रिओ लोस पांचोस. गातिका चिलीचा, रांकाग्वाचा. 1953 च्या सुमाराचं त्याचं रेकॉर्डिंग लॅटिन अमेरिकेत घरोघरी पोचलं. आवाज मऊ, पण ढिला कुठेच नाही. एकेक शब्द तो पूर्ण उच्चारून खाली ठेवतो, मगच पुढच्याला हात लावतो. स्पॅनिश न येणाऱ्याने उच्चार शिकायचे तर याच्याकडूनच शिकावेत. एक चूक फार जण करतात: ‘बेसामे’मधला ‘मे’ ओढतात. जोर ‘बे’वर आहे, ‘मे’ अलगद सोडून द्यायचा. गातिकाबरोबर थोडे दिवस म्हटलं की ती सवय आपोआप सुटते.

लोस पांचोसचं सौंदर्य वेगळं. तीन गळे, गिटारींची साथ, आणि वरून रेकिंतो. रेकिंतो म्हणजे नेहमीपेक्षा लहान आणि वरच्या पट्टीत लावलेली गिटार. या त्रिकुटातल्या आल्फ्रेदो खिलने ती घडवली आणि बोलेरो त्रिकुटांची ओळखच तिच्यावर उभी राहिली. गायकाने ओळ सोडली की रेकिंतो ती उचलते, वर नेते, थरथरवते आणि परत गायकाच्या हाती देते. ऐकायला मी लोस पांचोस आधी लावीन. शिकायला मात्र नाही, कारण तीन आवाजांच्या मेळात मुख्य चाल कोणती हे नवख्या कानाला चटकन पकडता येत नाही. दोन-तीन मित्र मिळून गाणार असाल तर गोष्ट वेगळी, मग यांच्याइतका चांगला नमुना दुसरा नाही.

इंग्रजीकडे वळलं की धास्ती पातळ होते. इंग्रजी शब्द सनी स्कायलरचे. त्यात चुंबनाबरोबर स्वर्गीय संगीत ऐकू येतं, मिठीतला आनंद नवा नवा आहे. तू सोडून गेलास तर काय होईल हा विचार येतो, पण उशिरा, आणि जर-तरच्या भाषेत. मूळ गाण्यात विरह उंबरठ्यावर उभा आहे, इथे तो नुसती शक्यता आहे. तरीही जिमी डॉर्सीच्या बँडचं रेकॉर्डिंग, बॉब एबर्ली आणि किटी कॅलन यांच्या आवाजातलं, 1944 च्या सुरुवातीला अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. काळ महायुद्धाचा होता. शब्दांनी जे सौम्य केलं ते ऐकणाऱ्यांनी स्वतःच्या निरोपांनी भरून काढलं असणार, असं मला वाटतं. आज ऐकताना ती परिस्थिती आपल्याबरोबर नसते, म्हणून हे रेकॉर्डिंग गोड वाटतं आणि गोडाशीच थांबतं. त्याच वर्षी गाजलेला अँडी रसेल मला जास्त भावतो. लॉस एंजेलिसमधल्या मेक्सिकन कुटुंबातला हा गायक एकाच गाण्यात इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्ही गायला. दोन भाषांतला फरक दुसऱ्या कुणी समजावून सांगण्यापेक्षा याच्या गळ्यातून ऐकणं बरं.

आता ज्या जोडीवर मी सर्वांत जास्त रेंगाळते ती. बोसा नोव्हाचा ब्राझिलियन गायक-गिटारवादक जोआंव जिल्बेर्तो, ‘आमोरोझो’ अल्बम, 1977. आणि कॅनडाची जॅझ गायिका डायना क्रॉल, ‘द लुक ऑफ लव्ह’, 2001. दोघांच्याही मागचा वाद्यवृंद एकाच माणसाने बांधलेला आहे, क्लाउस ओगरमनने. दोघंही स्पॅनिशच गातात, दोघंही हळू आवाजात. कागदावर एकसारखं दिसणारं हे काम कानावर इतकं वेगळं का पडतं हे शोधायचं, तर दोन्ही लागोपाठ ऐकायला हवीत.

जिल्बेर्तो जवळजवळ नऊ मिनिटं गातो. गिटारची लय घड्याळासारखी स्थिर, आणि तिच्यावर गाणं कधी मात्रेच्या आधी, कधी मात्रेनंतर पडतं. पहिल्यांदा ऐकताना वाटतं, हा चुकला. मग लक्षात येतं की प्रत्येक फेरीत तीच ओळ तो नव्या जागी ठेवतोय. आवाजात कंप नाही, चढ-उतार नाही, आर्जवही जवळपास नाही. तेच वाक्य पुन्हा पुन्हा येतं आणि दर वेळी तितक्याच हलक्या आवाजात. शेवटची रात्र लांबवत नेण्याची ही रीत आहे, असा मी तिचा अर्थ लावते. ओगरमनची व्हायोलिनं मागे दूर राहतात, येतात आणि विरतात.

क्रॉलकडे तेच तंतुवाद्य जवळ येतं, मखमली होतं. तिचा आवाज खालच्या पट्टीतला, श्वासाने भरलेला, आणि ती प्रत्येक ओळीचा शेवट आरामात टेकवते. ऐकायला अतिशय सुंदर आहे, रेकॉर्डिंगचा दर्जाही उत्तम. चांगल्या स्पीकरवर लावायचं, शांत संध्याकाळी, तर क्रॉल. पण तिच्या गाण्यात उद्या कुणी कुठे जाणार आहे असं वाटत नाही. सगळं सुरक्षित आहे. ज्यांना प्रेमगीतातून दिलासाच हवा असतो त्यांना हीच बाजू आवडेल, आणि त्यात गैर काही नाही.

शिकणाऱ्याने जिल्बेर्तोकडे मात्र दुसऱ्या टप्प्यात यावं. चाल पक्की होण्याआधी त्याच्या मागे गेलं तर मात्रा हातातून सुटतात.

गायिका सेझारिया एव्होरा केप व्हर्देची, म्हणजे पश्चिम आफ्रिकेजवळच्या बेटांच्या देशातली, मिंदेलो बंदराची. तिचं घराणं मोर्ना, आणि मोर्नाचा मुख्य विषयच निरोप: बेटं सोडून कामासाठी समुद्रापार गेलेली माणसं आणि मागे राहिलेल्यांची ओढ. अशा गळ्यात ‘बेसामे मूचो’ पडल्यावर त्याला वेगळं काही करावंच लागत नाही. मेक्सिकन दिग्दर्शक आल्फोन्सो क्वारोनच्या 1998 सालच्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ या चित्रपटात तिचं हे गाणं आहे. आवाज जाड, थोडा थकलेला, कुठेही विनवणी नाही. हे सगळं पूर्वी होऊन गेलंय आणि पुन्हा होणार आहे, हे माहीत असलेली बाई गातेय. कुणाला आयुष्यात एकदाच हे गाणं ऐकवायचं असेल तर मी हे ऐकवीन. गातिकापेक्षा, जिल्बेर्तोपेक्षाही आधी.

बीटल्सचं प्रकरण थोडक्यात. 1 जानेवारी 1962 ला लंडनमध्ये डेक्का कंपनीच्या चाचणीत त्यांनी जी गाणी सादर केली त्यात हे होतं, आणि त्याच वर्षी 6 जूनला ईएमआयच्या स्टुडिओतही त्यांनी ते गायलं. जूनचं रेकॉर्डिंग 1995 साली ‘अँथॉलॉजी 1’मध्ये अधिकृतपणे बाहेर आलं. गातो पॉल मॅकार्टनी, ड्रमवर अजून रिंगो स्टारच्या आधीचा पीट बेस्ट आहे, शब्द इंग्रजी, आणि मांडणीचा वळसा कोस्टर्स या अमेरिकन गटाच्या 1960 च्या रेकॉर्डवरून आलेला. मधूनच ‘चा-चा-बूम’ असा ठेका येतो. धास्ती पूर्ण गायब, पण विशीतल्या पोरांचा जोम अस्सल आहे. गिटार वाजवणारे मित्र जमले असतील, समोरचे नाचणार असतील, तर हेच घ्या. दालिदाची फ्रेंच डिस्को आवृत्ती त्याच कामाची, तिच्याबद्दल जास्त सांगण्यासारखं मला काही सापडत नाही.

आंद्रेआ बोचेल्लीने 2006 च्या ‘आमोरे’मध्ये ते टेनरच्या गळ्याने गायलं. गळा मोठा असेल आणि मोठ्या सभागृहात गायचं असेल तर तो वाट दाखवतो. फक्त इतकं भान ठेवावं लागतं की कानात सांगायची गोष्ट तो शेवटच्या रांगेपर्यंत पोचवतोय. मला ते एकदा ऐकायला आवडतं, सलग दोनदा नाही.

शब्दच नको असतील तर जॅझ गिटारवादक वेस माँटगोमेरी, ‘बॉस गिटार’, 1963. पिकऐवजी अंगठ्याने छेडलेल्या तारा आणि तीच ओळ दोन सप्तकांत एकदम वाजवायची त्याची खास पद्धत. भाषेच्या भीतीने जे या गाण्यापासून लांब राहिलेत त्यांनी इथून आत शिरावं.

शिकायला बसणाऱ्यांनी शब्द आणि उच्चार गातिकाकडून घ्यावेत, पट्टी मात्र स्वतःची ठरवावी, रेकॉर्डची धरू नये. चाल अंगवळणी पडली की जिल्बेर्तोबरोबर म्हणून पाहावं, तेही हेडफोनवर आणि आवाज बारीक ठेवून, म्हणजे ओळ तो कुठे ठेवतो ते ऐकू येतं. एव्होराची नक्कल करायला जाऊ नका. तिचं फक्त मधलं कडवं ऐका, दूर जाण्याची गोष्ट जिथे येते ते, आणि तिथे ती आवाज किती कमी वापरते तेवढं टिपून ठेवा.