टीडीआरला तारे द्यायचे झाले तर

लोक मोबाइलच्या कव्हरलाही पाचपैकी तारे देतात, मग टीडीआरने, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्काने, काय घोडं मारलंय? तीही सेवाच आहे. महापालिका देते, जमीनमालक घेतो, बिल्डर वापरतो आणि माझ्यासारखा आर्किटेक्ट मधे बसून बेरजा-वजाबाक्या करतो. माझ्याकडून पाचपैकी तीन. तिसरा देतानाही हात जरा आखडलाच.

आधी माल काय आहे ते. तुमच्या प्लॉटवर रस्त्याचं किंवा बागेचं आरक्षण पडलं, नाहीतर वाडा हेरिटेज यादीत गेला, की तिथे बांधकाम बंद. मग रोख भरपाईऐवजी हातात एक दाखला मिळतो, डीआरसी, म्हणजे विकास हक्क प्रमाणपत्र. इथे न बांधलेलं चटईक्षेत्र दुसरीकडे बांधा किंवा विकून टाका. पालिकेच्या तिजोरीतून दमडी जात नाही, रस्ता होतो आणि मालकही अगदीच कोरडा राहत नाही. कल्पनेला नावं ठेवायला जागा नाही.

तिला वजन आलं ते न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनमुळे. स्टेशनच्या डोक्यावर टॉवर उभारायला शहराने मनाई केली, मालक असलेली रेल्वे कंपनी कोर्टात गेली आणि १९७८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन अशा मतांनी शहराच्या बाजूने कौल दिला. न वापरलेले हक्क आसपासच्या प्लॉटवर नेता येत होते, ही गोष्ट न्यायालयाने जमेस धरली. टोकियोने तर याच युक्तीने आपलं स्टेशन नीट करून घेतलं. १९४५ च्या बॉम्बफेकीत गेलेले घुमट आणि तिसरा मजला परत उभारायचा खर्च शिल्लक चटईक्षेत्र आसपासच्या इमारतींना विकून काढला. काम २०१२ ला पुरं झालं. टोकियोला मी साडेचार दिले असते.

मुंबईचं प्रकरण मात्र लांबलचक. १९९१ च्या नियमावलीत टीडीआर आला तेव्हा अट अशी की बेटावरच्या शहरात, म्हणजे जुन्या मुंबईत, तो वापरायचा नाही. उपनगरात, त्याच वॉर्डात किंवा मूळ जागेच्या उत्तरेला न्यायचा. हेतू चांगला होता, गर्दी पसरावी. गोम होती ती मोजमापात. मीटरला मीटर! मानखुर्दला निघालेला टीडीआर जुहूला तितकाच्या तितका चढायचा. स्वस्तात पिकवा, महागात खपवा. रस्ता तोच, गटार तेच, बांधकाम मात्र दुप्पट.

ही फट बुजवायला बरीच वर्षं गेली. आता रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने ठरवलेला जमिनीचा, दर मधे आणलाय. मूळ जागेचा दर भागिले वापरायच्या जागेचा दर, गुणिले टीडीआर. मूळ जागा एक तृतीयांश दराची असेल, तर ३०० चौरस मीटरचा दाखला प्लॉटवर उतरताना १०० होतो. सोसायटीच्या मीटिंगमध्ये हे सांगितलं की मागच्या खुर्चीवरून हमखास आवाज येतो, "मग उरलेले २०० खाल्ले कोणी?" कोणीच नाही हो काका. किंमत तेवढीच राहिली, मीटर बदलले. दर उलटे असतील तर दाखला फुगतोही. तेव्हा कोणी काही विचारत नाही.

तिसरा तारा रस्त्याच्या रुंदीच्या अटीला. सध्याच्या, म्हणजे २०३४ पर्यंतच्या आराखड्याच्या नियमावलीत उपनगरात ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर टीडीआर शून्य, मग रुंदीप्रमाणे वाढत जातो. बिल्डर कुरकुरतात, कुरकुरू देत. अग्निशमनाची गाडी वळली पाहिजे.

आता कापलेले दोन तारे. दाखला देणारी पालिका स्वतःही एफएसआय, म्हणजे चटईक्षेत्रच, विकायला बसलेली असते. पैसे भरून मिळणारा जादा, म्हणजे प्रीमियम एफएसआय आहे, वर ३५ टक्के फंजिबल नावाचं आणखी जादा क्षेत्र. बिल्डर दोन्हीकडचे भाव बघतो आणि परवडेल ते उचलतो. २०२१ मध्ये राज्य सरकारने प्रीमियमवर ५० टक्के सूट दिली. सरकारी मालावर अर्धी सूट असताना डीआरसी घेऊन बसलेल्याला गिऱ्हाईक कुठून मिळणार? बरं, त्याने जमीन तर आधीच देऊन टाकलेली.

न्यूयॉर्कही यातून सुटलेलं नाही. ग्रँड सेंट्रलच्या शेजारच्या वन व्हँडरबिल्ट टॉवरला शहराने स्टेशन-सुधारणेच्या बदल्यात वाढीव चटईक्षेत्र दिलं. त्याच स्टेशनचे हक्क विकत घेऊन बसलेले मालक २०१५ मध्ये कोर्टात गेले: आमचा माल तुम्ही कवडीमोल केलात. वर्षभरात तडजोड झाली, पण तक्रार रास्तच होती. दुकानदाराने गिऱ्हाइकाला कूपन द्यायचं आणि दुसऱ्या दिवशी दारातच सेल लावायचा, त्यातली गत.

तेव्हा आरक्षणाची नोटीस आली असेल आणि डीआरसी घ्यायच्या विचारात असाल, तर दाखल्यावरच्या मीटरांना भुलू नका. प्रीमियमचे दर सध्या काय चाललेत ते आधी काढा, कारण तुमची गाठ त्यांच्याशी आहे. प्रॉपर्टी कार्डावर सगळ्या वारसांची नावं लागलेली हवीत. मी बघितलेल्या बहुतेक फायली तिथेच अडकतात. आणि जमीन नुसती सोडून भागत नाही. ती सपाट करून, कुंपणभिंत बांधून, गेट लावून द्यायची, तीही स्वतःच्या खर्चाने. तो खर्च डीआरसीच्या अपेक्षित भावातून पहिल्याच दिवशी वजा करा आणि मग रोख भरपाईच्या आकड्याशेजारी मांडून बघा.